लक्ष्मीधराचे दागिने

ज्या नाटकांत निर्धन पण शूर सेनापतीच्या गळ्यांत अखेर माळ पडते आणि हिऱ्यामोत्यांनीं मढलेला धनिक हास्यास्पद ठरतो, तें नाटक पडद्यावर आणतांना पैसा किती ओतावा व कोठें ओतावा, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसला तरी मुळांत तो रसाचा आहे. कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमाना’वरून श्री. सुबोध भावे यांनीं दिग्दर्शित केलेला बोलपट १० जानेवारी २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. त्या वेळीं उठलेला गलबला आतां निवला आहे. गलबला निवल्यावर बोलणें आम्हां जुन्या शिक्षकांच्या प्रकृतीस मानवतें. शिवाय सुटींत घरीं जमलेल्या नातवंडांनीं या विषयावर मला इतकें छळलें कीं या महिन्याचीं पानें त्यालाच द्यावयाचें ठरविलें.

नाटकाची कथा पूर्वीं कोणाला सांगावी लागत नसे. आतां सांगितली पाहिजे. धैर्यधर हा पराक्रमी सेनापति. घरीं संपत्तीच्या नांवानें शून्य. काकासाहेब या श्रीमंत गृहस्थांना आपली कन्या भामिनी त्यालाच द्यावयाची आहे. पण दारिद्र्याचा तिला तिटकारा. ती त्याचा उघड अपमान करते, आणि तोहि मानी असल्यामुळें तिला झिडकारतो. दुसरा वर लक्ष्मीधर. अंगभर दागिने, तोंडभर बढाया, आणि संकटाची चाहूल लागली कीं पाय मागें. पुढें भामिनी साध्या वेषांत, वनमाला हें नांव घेऊन, धैर्यधराच्या सहवासांत येते. त्याची खरी योग्यता तिला तेथें उमगते व गर्व गळतो. एवढीच गोष्ट. तींत राक्षस नाहीं, शाप-उःशाप नाहीं, मंतरलेला मणि नाहीं. मात्र राज्यहि काल्पनिक आहे, इतिहासांतलें नव्हे. आणि याच मोकळ्या जागेंतून बोलपटवाल्यांना अद्भुताचा दरवाजा सांपडतो. काल्पनिक राज्य म्हणजे वाटेल तेवढा उंच राजवाडा बांधावयाची मुभा!

खाडिलकर हे लोकमान्यांचे ‘केसरी’तले सहकारी. त्यांचें ‘कीचकवध’ सरकारनें १९१० सालीं बंद केलें होतें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १२ मार्च १९११ रोजीं, किर्लोस्कर नाटक मंडळीनें मुंबईस ‘मानापमान’ रंगभूमीवर आणलें. तेव्हां मान आणि अपमान हे शब्द केवळ प्रेमकथेचे नव्हते, हें प्रेक्षकांस निराळें सांगावें लागलें नसेल. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे पेटीचे वादक, भास्करबुवा बखल्यांच्या सहवासांत मुरलेले. पूर्वेकडील ठुमरी, दादरा, गझल यांचा बाज त्यांनीं मराठी पदांत आणला. साकी-दिंडीवर वाढलेल्या कानांना तो नवाच होता. पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरीहि त्यांनीं तोंडाला रंग लावला, ही हकीकत पुष्कळांनीं कौतुकानें लिहिली आहे. मला त्या कौतुकाची नेहमींच थोडी भीति वाटत आली. पण त्या रात्रीं बसलेल्या प्रेक्षकांना भामिनीचा गर्व खरा वाटला. आणि तो खरा वाटावयाला रंगविलेल्या पडद्यांहून अधिक कांहीं लागलें नाहीं, एवढें माझ्या मुद्द्यापुरतें पुरे आहे.

या नाटकांत पदें पन्नासाच्या घरांत. तीं कथेंत मधून मधून बसविलेलीं गाणीं नव्हेत; तें पात्रांचें बोलणेंच आहे. भामिनी रागावली कीं गाते, लाजली कीं गाते, शरण आली तरी गातच येते. एका ओळीवर गायक चार वेळां फिरतो आणि दर फेऱ्याला मनाची निराळी घडी उलगडते. प्रेक्षक ‘वन्स मोअर’ ओरडले कीं तीच लाज पुन्हा पहिल्यापासून! कथा थांबते, आणि कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, कारण अख्खी रात्र हातांत असते. बोलपटाला रात्र नसते. त्याला तीन तासांच्या आंत सारें आटपावें लागतें. म्हणून जुन्या पदांतलीं निवडक ठेवून आणि त्यांस नव्या गाण्यांची जोड देऊन भावे यांनीं मार्ग काढला. संगीत शंकर-एहसान-लॉय या त्रयीकडे सोंपविलें. यांत दोष देण्यासारखें मला कांहीं दिसत नाहीं. पन्नास पदें जशींच्या तशीं ठेवून केलेला बोलपट पाहण्याची हौस बोलून दाखविणारे पुष्कळ भेटतात. तो पाहावयाला शेवटपर्यंत बसणारे किती निघतील याची मला शंका आहे.

याच दिग्दर्शकाचा ‘कट्यार काळजात घुसली’ हा २०१५ सालचा बोलपट लोकांनीं डोक्यावर घेतला, तेव्हां आतांच असें काय अडलें, असें माझा एक नातू विचारतो. प्रश्न योग्य आहे. तें नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचें, १९६७ सालचें. संगीत जितेंद्र अभिषेकींचें. आणि खांसाहेबांच्या भूमिकेंत डॉ. वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा जन्म मूर्तिजापूरचा. आमच्या जळगांव जामोदहून नांदुऱ्यास येऊन गाडींत बसलें कीं शेगांव, अकोला आणि मग मूर्तिजापूर. त्यामुळें ‘कट्यारी’चा विषय निघाला म्हणजे आम्हां वऱ्हाडकरांची मान जराशी ताठ होते, ती वाचकांनीं चालवून घ्यावी. तर त्या नाटकांत गाणें हाच कथेचा विषय आहे. दोन गायकांचें वैर, विद्येचा हव्यास, गुरु शिकवील कीं नाहीं ही तळमळ. तेथें गाणें काढलें तर मागें कांहींच उरत नाहीं. म्हणून तेथें कॅमेरा गाण्यापुढें निमूटपणें बसूं शकला, आणि महेश काळे यांच्या गायनाला राष्ट्रीय पारितोषिकहि मिळालें. ‘मानापमाना’ची गोष्ट निराळी. येथें कोणी गवई नाहीं. सेनापति कां गातो, याचें उत्तर रंगभूमीवर कोणी मागत नाहीं. पडद्यावर खरा घोडा आणि खरा डोंगर दिसूं लागला कीं तेंच उत्तर मागितलें जातें.

हा पेंच केवळ आपलाच नव्हे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर २००३ सालीं ‘विकेड’ नांवाचें संगीत नाटक आलें. ग्रेगरी मॅग्वायर यांच्या १९९५ सालच्या कादंबरीवरून तें रचलेलें. हिरव्या कांतीची एक मुलगी, तिची गोरी मैत्रीण आणि ऑझ नांवाचें जादूचें राज्य, असा त्याचा विषय. त्याचा बोलपट जॉन चू यांनीं दोन भागांत केला. पहिला भाग २०२४ सालीं आला, दुसरा २०२५ सालीं. नाटक मध्यंतरासकट पावणेतीन तासांच्या आसपास संपतें. बोलपटाचा नुसता पहिला भागच जवळ जवळ तेवढा आहे! म्हणजे त्यांच्याकडे रंगभूमीवरून पडद्यावर जातांना गोष्ट लांबते, आपल्याकडे ती आखडते. एका गांवाच्या देखाव्यासाठीं त्यांनीं इंग्लंडांत ट्यूलिपचीं नव्वद लाख झाडें लावलीं. हें वाचून मीं पुस्तक मिटलें आणि कांहीं वेळ नुसता बसून राहिलों. आमच्या तालुक्यांत कपाशीचीं झाडें मोजावयाला बसलों तरी तो आंकडा तोंडांत रुळावयाचा नाहीं. पण त्या मंडळींचा मला हेवा वाटला तो झाडांचा नव्हे. नटींनीं गाणीं प्रत्यक्ष चित्रण चालूं असतांनाच गाइलीं, मागाहून ओठ हलविले नाहींत. एवढ्या अफाट खर्चांत खरा श्वास तेवढा त्यांनीं हातचा जाऊं दिला नाहीं. शिवाय त्या कथेंत जादू मुळांतच आहे. नायिका झाडूवर बसून आकाशांत उडते हा तिच्या बंडाचा कळस आहे. नाटकांत ती लपविलेल्या पाळण्यावर, धुराच्या व दिव्यांच्या आडोशानें वर चढते. पडद्यावर ती खरोखर उडतांना दाखविली, तर कथेच्याच ओघांत दाखविली.

आमच्या अलंकारशास्त्रांत अद्भुत हा स्वतंत्र रस मानला आहे व विस्मय हा त्याचा स्थायीभाव. पण कोणत्या काव्यांत कोणता रस अंगी आणि कोणता अंग, हें ठरलेलें असावें लागतें. ‘मानापमाना’त शृंगार मुख्य, वीर आणि हास्य त्याचे सोबती. विस्मयाला तेथें पाहुण्याचें आसन आहे. तो यजमानाच्या पाटावर बसला म्हणजे पंगतीचा विचका होतो.

विस्मयाला यंत्रच लागतें असेंहि नाहीं. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथाचा वेग नुसत्या अभिनयानें दाखवितो, सातव्या अंकांत तो मातलीबरोबर आकाशांतून खालीं उतरतो, आणि ढगांतून उतरतांना पृथ्वी कशी दिसते तें बोलून दाखवितो. रंगभूमीवर रथ नाहीं, घोडा नाहीं, ढग तर नाहींच. भरतमुनींनीं रंगपीठाचे कक्ष्याविभाग सांगितले आहेत: नटानें चार पावलें फिरून घेतलीं कीं वनांतून नगरांत आला असें समजावें. ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकांत उर्वशीची वेल होते, आणि वेडा झालेला पुरूरवा झाडापांखरांना तिचा पत्ता विचारीत हिंडतो, कांहीं पोथ्यांत त्या अंकाला गीतें आणि नृत्याच्या सूचनाहि जोडलेल्या आहेत. संगीत आणि अद्भुत यांचें लग्न आपल्याकडे किती जुनें आहे तें यावरून दिसेल. आणि त्याचा सारा खर्च प्रेक्षकाच्या मनानें उचलला होता.

इतकें लांब तरी कां जावें? आमच्याच तालुक्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतांत एक घट आंखतात. भोंवतीं धान्यें मांडतात. मधल्या खड्ड्यांत मातीचीं चार ढेकळें, तीं पावसाळ्याचे चार महिने. वर पाण्याची घागर, ती समुद्र. आणि पानाचा विडा, तो राजा. दुसऱ्या दिवशीं पहांटे त्यावरून वर्षाचें भाकित सांगतात. भाकित खरें कीं खोटें हा वाद निराळा, त्यांत मी पडत नाहीं. पण हातभर जागेंत राजा, समुद्र आणि पाऊस दिसणारे डोळे शेतकऱ्यांजवळ आहेत, हें मीं वर्षानुवर्षें पाहिलें आहे. त्याच डोळ्यांच्या भरंवशावर आपलें संगीत नाटक उभें होतें.

कॅमेऱ्याला असले डोळे नसतात. जें समोर आहे तेवढेंच त्याला दिसतें. हें त्या पिढीच्या कलावंतांना फार लवकर कळून चुकलें. ‘मानापमाना’ला चाली देणारे गोविंदराव टेंबेच १९३२ सालीं प्रभात कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले, आणि त्याच वर्षीं ‘मायामच्छिंद्रां’त मच्छिंद्रनाथ. हा दुसरा बोलपटहि नाटकावरूनच घेतलेला, आणि चमत्कारांनीं भरलेला. पण नाथांच्या कथेंतून चमत्कार काढले तर शिल्लक काय राहणार? उलट बालगंधर्वांचें उदाहरण पाहावें. १९३७ सालीं ते बोलपटांत मीराबाई झाले. वय पन्नाशीकडे झुकलेलें, देह पुरुषाचा. रंगभूमीवर दिव्यांच्या उजेडांत, वीस हातांवरून, त्या सुरांच्या जोरावर लोकांनीं त्यांना जन्मभर स्त्री मानलें होतें. कॅमेऱ्यानें तें मानलें नाहीं. चित्र पडलें.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. भावे यांचा बोलपट मी अकोल्यास जाऊन पाहिला. त्यांतलीं जुनीं पदें सुरूं झालीं कीं शेजारच्या खुर्च्यांवरचीं कॉलेजांतलीं मुलें हातांतला मोबाईल खालीं ठेवीत होतीं; एवढ्यासाठीं मी त्या मंडळींचा ऋणी आहे. वैदेही परशुरामी यांची भामिनी जवळून दिसते, आणि उपेक्षेनें नुसती भुंवई चढणें काय असतें तें मागच्या रांगेंतल्या प्रेक्षकालाहि कळतें. हें सुख नाटकाला कधींच देतां आलें नसतें. परंतु राजवाडे, झुंबरें, जरीचे पोशाख, सैन्यें यांची जी रेलचेल चालते, ती पाहतां पाहतां माझ्या मनांत एक विचित्र शंका उभी राहिली. पडद्यावर सारेंच इतकें देखणें, इतकें सुंदर उजळलेलें कीं त्या उजेडांत दारिद्र्यहि रमणीय वाटतें. मग भामिनीला तिटकारा यावयाचा तो कशाचा? धैर्यधराजवळ जें नाहीं तें नाहीं असें दिसलें पाहिजे, तरच तिचा अपमान बोंचतो आणि तरच तिचा पश्चात्ताप खरा होतो. खाडिलकरांनीं अंगभर दागिने घातलेल्या माणसाला हंसावयाला शिकविलें. आणि येथें बोलपट स्वतःच अंगभर दागिने घालून उभा. जिंकतो धैर्यधर, पण खर्च सगळा लक्ष्मीधराच्या बाजूनें झालेला.

यावर एक जुने नाटकवेडे गृहस्थ मला म्हणाले, “गुरुजी, गंधर्व कंपनीनें काय कमी उधळलें?” त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. खरे भरजरी शालू, खरीं अत्तरें, उंची गालिचे. त्या थाटाच्या पायीं मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला हें सर्वश्रुत आहे. थाट मराठी रंगभूमीला परका नव्हता. पण ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें, भामिनी बालगंधर्व व धैर्यधर केशवराव भोसले, तेव्हां एका रात्रींत सोळा हजार रुपयांहून अधिक रक्कम जमली ती गालिचे पाहावयाला आलेल्यांकडून नव्हे. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन गळे एका रंगपीठावर, आणि त्यांतला एक त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कायमचा मिटणार होता. गालिचा नाटकाच्या पायांखालीं होता. नाटकाच्या अंगावर नव्हता.

माझी धाकटी नात नववींत आहे. तिला मीं ‘मानापमाना’ची गोष्ट सांगितली तेव्हां तिनें मध्येंच विचारलें, “आजोबा, भामिनी नुसतें लुगडें बदलून आली, तर धैर्यधराला ती ओळखूं कशी आली नाहीं? चेहरा तर तोच ना?” मीं तिला वेषांतराचा संकेत समजावून सांगितला, सोंगाची पेटी उघडून, सोंग घेतलेला माणूस आणि पाहणारा यांच्यांत जो अलिखित करार असतो तो सांगितला. तिनें मान हलविली, पण पटल्यासारखी नव्हे. ती बोलपटांवर वाढली आहे. आमच्या गांवीं संगीत नाटकाचा प्रयोग लागल्याचें तिच्या आयुष्यांत झालेलें नाहीं, आणि पुढें होईल अशीं चिन्हें नाहींत. म्हणजे तिच्यापुरतें पडद्यावरचें ‘मानापमान’ हेंच ‘मानापमान’. पुण्या-मुंबईच्या रसिकांना मूळ प्रयोग आणि बोलपट यांची तुलना करण्याची चैन करतां येते. तालुक्याच्या गांवांतल्या पोरीला जें एक मिळेल तेंच सारें. म्हणून या बोलपटांची चिकित्सा करतांना माझा स्वर थोडा चढला असेल.

अद्भुताचा बोलपट करूंच नये असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. तें त्याच्या घरीं करावें. आपल्या दक्षिणेस १९५७ सालीं ‘मायाबजार’ झाला, तेलुगू व तामिळ दोन्ही भाषांत, के. व्ही. रेड्डींनीं केलेला. त्याचें मूळ ‘शशिरेखापरिणयम्’ हें तिकडच्या रंगभूमीवर गाजलेलें नाटक. आपल्याकडे तीच कथा वत्सलाहरणाची. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच मेजवानीचे लाडू बसल्या जागीं हवेंतून तोंडांत ओढून घेतो, तेव्हां आजचा संगणक नसतांहि घर खदखदून हंसतें, कारण ती करामत छायाचित्रकाराची वाटतच नाहीं, घटोत्कचाची वाटते. आणि आपल्या पेटींत काय थोडें आहे? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रा’ची सुरवात १८८२ सालची, त्यांत झोंपलेल्या सुभद्रेला उचलून नेणारा घटोत्कच आहे, यतीच्या वेषांतला अर्जुन आहे, आणि सारें कळत असून न कळल्यासारखें दाखविणारा कृष्ण आहे. कोणा धनिकाला उद्यां खर्चच करावयाचा असेल तर तो येथें करावा. घटोत्कचाला डोंगराएवढा दाखवा, सुभद्रेला ढगांतून न्या, द्वारका सोन्याची करा. कथेचा त्याला आक्षेप नाहीं. मात्र रुक्मिणी रुसून बसली आणि कृष्ण तिची समजूत घालूं लागला, कीं तेवढीं दहा मिनिटें कॅमेरा जागचा हलूं नये, मागचीं झुंबरें मालवावीं, आणि तें पद गाणाऱ्याला हवें तितक्या वेळां त्या एका ओळीवर फिरूं द्यावें.